लोद्झ येथील एक डाव

बेअर शेवा आणि आसपासच्या गावांतून राहणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांतील नातवंडे संध्याकाळी बुद्धिबळाच्या वर्गाला जातात. ह्या शहराला ह्या खेळाची गोडी लावली ती लेनिनग्राडहून अलिया करून आलेल्या एलियाहू लेव्हान्त ह्यांनी. १९७३ साली त्यांनी येथे बुद्धिबळाचा क्लब काढला आणि पुढे २००५ साली जागतिक सांघिक स्पर्धाच ह्या वाळवंटाच्या वेशीवरील गावात भरली. वर्गाहून परतलेले पोर आजोबांपुढे पट मांडते आणि लगेच भाषेचा घोटाळा सुरू होतो. आपण ज्याला उंट म्हणतो त्याला ते 'रात्स', म्हणजे धावणारा, म्हणते. आपला हत्ती त्याच्या लेखी 'त्सरीअख', म्हणजे बुरूज. आणि आपला वजीर तर चक्क 'मल्का', म्हणजे राणी, होऊन बसलेला असतो. घोडा तेवढा दोन्ही पक्षी ओळखू येतो, जरी हिब्रूत त्याच्या पाठीवर स्वार चढलेला आहे. प्रस्तुत लेखात मी आपलीच नावे वापरणार आहे. नातवंडांना वाचून दाखवताना वाचकांनी भाषांतर करून घ्यावे.

लेखाचा विषय एकच डाव आहे. तो १९०७ सालच्या अखेरीस पोलंडमधील लोद्झ ह्या शहरी खेळला गेला. पांढऱ्या मोहऱ्यांनी गेर्श रोत्लेवी नावाचा अठरा वर्षांचा यहुदी मुलगा खेळत होता आणि काळ्या मोहऱ्यांनी सत्तावीस वर्षांचा आकिबा रुबिन्स्टाइन. पंचवीस खेळ्यांत डाव संपला. बुद्धिबळाच्या कोणत्याही निवडक डावांच्या पुस्तकात तो सापडतो आणि त्याला 'रुबिन्स्टाइनचा अमर डाव' म्हणण्याची प्रथा आहे. त्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा शेवटच्या चार खेळ्यांविषयी असते, कारण त्या चार खेळ्यांत काळ्याने आपला वजीर आणि एक हत्ती देऊन टाकला व तरीही डाव जिंकला. तो चमत्कार मीही सांगणारच आहे. परंतु माझ्या मते ह्या डावाचे मर्म पंधराव्या खेळीपाशी आहे, जेथे अद्याप एकही मोहरा बळी गेलेला नव्हता. आणि जो मुलगा हरला त्याच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. आयुष्य वर्गात घालवलेल्या माणसाची नजर पहिल्या आलेल्या मुलापेक्षा मागल्या बाकावरच्या मुलाकडे आधी जाते, ती खोड ह्या लेखातही दिसेल.

लोद्झ हे नाव आपण लिहितो तसे पोलिश लोक उच्चारीत नाहीत. त्यांच्या तोंडी ते 'वूच' असे येते. त्या काळी पोलंड नावाचे स्वतंत्र राज्य नकाशावर नव्हते आणि हे शहर रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जे एक लहानसे गाव होते ते शतक संपेपर्यंत तीन लाखांवर वस्तीचे झाले, आणि ही किमया कापसाची. ज्यांनी परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे ऐकले आहेत त्यांना लोद्झचे वर्णन वेगळे करून सांगण्याची गरज नाही: लाल विटांच्या गिरण्या, धुराची धुराडी, कामगारांच्या चाळी आणि मालकांचे राजवाडे. मोठ्या गिरणीमालकांपैकी इझ्राएल पोझ्नान्स्की हे आपल्या धर्माचे होते. त्यांच्या गिरणीत राबणारे कामगार मात्र बव्हंशी पोलिश ख्रिस्ती. शहरातील सुमारे एक तृतीयांश वस्ती यहुदी होती, आणि त्यांपैकी बहुतेक जण गिरणीमालक नव्हेत तर हातमागवाले, शिंपी, दलाल व फेरीवाले होते.

शहर शांत नव्हते. १९०५ सालच्या जून महिन्यात लोद्झच्या कामगारांनी रस्त्यांत अडथळे उभारून झारच्या सैन्याशी लढा दिला होता आणि अनेक माणसे मारली गेली होती. १९०६ च्या डिसेंबरात मोठ्या मालकांनी गिरण्यांना कुलपे ठोकली ती १९०७ च्या वसंतापर्यंत उघडली नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस ह्याच शहरात सर्व रशियन साम्राज्यातील निवडक खेळाडूंची पाचवी स्पर्धा भरली. माणसे अशा काळात बुद्धिबळ कसे खेळतात, असा प्रश्न एखाद्याला पडेल. पण लोद्झमध्ये बुद्धिबळ ही श्रीमंतांची करमणूक नव्हती. गेओर्ग साल्वे ह्या नामांकित यहुदी खेळाडूभोवती तेथे एक शाळाच उभी राहिली होती, आणि कॉफीगृहातील पटावर गिरणीमालक नि बेकार मुनीम समोरासमोर बसत असत.

आकिबा रुबिन्स्टाइन ह्या शाळेत बाहेरून आला. त्याचा जन्म ईशान्य पोलंडमधील स्ताविस्की ह्या खेड्यात, रब्बींच्या घराण्यात झाला. आकिबा हे नाव ठेवताना घरच्यांच्या डोळ्यांपुढे कोण होते हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. तोही रब्बी व्हावा अशी इच्छा होती आणि त्याला तल्मूदच्या अभ्यासासाठी येशिवात घातले होते. तेथेच, असे सांगतात, बुद्धिबळावरील एक हिब्रू पुस्तक त्याच्या हाती लागले आणि तल्मूद मागे पडला. रब्बी अकिबांनी चाळीसाव्या वर्षी अक्षरओळख करून घेतली अशी आपली परंपरा आहे. ह्या आकिबाने बुद्धिबळाची ओळख कुमारवयात करून घेतली, तीही ह्या खेळात उशिराचीच मानली जाते, कारण मोठे खेळाडू बहुधा पाच-सहा वर्षांचे असतानाच पटाशी बसलेले असतात. पुढे तो लोद्झला आला आणि १९०३ साली त्याने साल्वेंशी बरोबरीत सामना सोडवला. १९०७ च्या उन्हाळ्यात ओस्टेंड येथे पहिल्या क्रमांकात वाटेकरी आणि कार्ल्सबाड येथे एकट्याने पहिला, अशी दोन मोठी यशे मिळवून तो परत आला होता. अबोल, लाजरा, मान खाली घालून बसणारा. खेळी केल्यावर पटापासून दूर जाऊन उभा राहण्याची त्याला सवय होती.

रोत्लेवी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. लोद्झच्या वर्तुळातीलच मुलगा, हल्ला करून खेळण्याची आवड असलेला. रुबिन्स्टाइनविरुद्ध पांढरी मोहरी मिळाली म्हणजे पहिली खेळी आपली, हे त्याला मोलाचे वाटले असणार.

ह्या पहिल्या खेळीच्या मोलाविषयी थोडे विषयांतर करतो. कोकणात माझ्या आजोबांच्या ओसरीवर कापडी पट होता आणि खेळ देशी नियमांचा होता. त्यात प्यादे पहिल्या वेळीही एकच घर सरकते, आणि किल्लेकोट नसून राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. दोन्ही सैन्ये हळूहळू एकमेकांजवळ येतात आणि एखादी खेळी फुकट गेली तरी बिघडत नाही; आजोबा तर खेळी करून सुपारी कातरीत बसत. युरोपात प्याद्याला पहिल्या वेळी दोन घरे मिळाली आणि सगळा हिशेब बदलला. सैन्ये लगेच भिडू लागली, म्हणून एकेका खेळीला किंमत आली. पांढरा नेहमी एक खेळी पुढे असतो, आणि काळ्याने पहिली काही वेळ बचाव करीत राहावयाचे, असा रिवाजच पडला. काळ्याच्या सुरुवातींना 'बचाव' म्हणतात ते त्यामुळे.

जो बचाव ह्या डावात दिसतो त्याचे नाव ताराश बचाव. पांढरा वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकतो, काळाही टाकतो. मग पांढरा शेजारचे, वजिराच्या उंटापुढचे, प्यादे दोन घरे पुढे करून काळ्याच्या प्याद्यावर दाब आणतो. ह्यावर जुनी सुरक्षित रीत अशी की काळ्याने आपले प्यादे दुसऱ्या प्याद्याने आधार देऊन धरून ठेवावे आणि तटबंदीच्या आत बसावे. न्यूरेंबर्ग येथील वैद्य डॉ. जीगबर्ट ताराश ह्यांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की काळ्यानेही तत्काळ आपल्या उंटापुढचे प्यादे दोन घरे लोटून पांढऱ्याच्या मध्यावर उलट दाब आणावा. असे केल्याने पुष्कळदा काळ्याचे मधले प्यादे एकाकी पडते, म्हणजे त्याला शेजारच्या प्याद्याचा आधार उरत नाही. डॉ. ताराश म्हणत, पडू द्या. त्याच्या मोबदल्यात मोहऱ्यांना मोकळे रस्ते मिळतात. जर्मन शिक्षकी थाटाने ते ह्यालाच एकमेव योग्य बचाव मानीत आणि इतरांचे बचाव चुकीचे ठरवीत. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे त्यांच्या ह्या थाटाचे मला हसू येते. पण शिकविण्याची त्यांची हातोटी अशी होती की युरोपातील एक पिढी त्यांच्या पुस्तकांवर वाढली. जन्माने तेही यहुदी. १९०९ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांचा एक मुलगा पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी पडला, आणि १९३४ साली म्युनिक येथे त्यांचे निधन झाले तेव्हा हिटलर सत्तेवर येऊन वर्ष लोटले होते.

आता डावाकडे वळू. दोन्ही बाजूंनी मधली चार प्यादी एकमेकांस भिडली आणि रोत्लेवीने सहाव्या खेळीला काळ्याचे उंटापुढचे प्यादे मारले. त्यामुळे एकाकी प्याद्याचा प्रश्नच उरला नाही. दोन्ही सैन्ये जवळजवळ सारखी मांडली जाऊ लागली. पांढऱ्याने डाव्या अंगाची प्यादी पुढे केली, काळ्यानेही केली. पांढऱ्याने आपला वजिराकडील उंट लांब तिरप्या रेषेवर आणला, काळ्यानेही आणला.

पंधराव्या खेळीला रोत्लेवीने किल्लेकोट केला तेव्हाचा पट डोळ्यांपुढे आणावा, किंवा खरोखरीच मांडून पाहावा. पटाच्या मधोमध आडवा आरसा उभा केला आहे असे वाटते. पांढऱ्याचे राजा, वजीर, दोन उंट, दोन घोडे आणि सहा प्यादी जेथे उभी आहेत, बरोबर त्यांच्यासमोर काळ्याची तीच मोहरी उभी आहेत. फरक फक्त एका हत्तीचा. पांढऱ्याचा एक हत्ती राजाजवळच आहे आणि काळ्याचा तो हत्ती मधल्या मोकळ्या पट्टीवर येऊन बसला आहे. आणि आता पाळी काळ्याची आहे.

ह्यात काय विशेष, असे कोणी म्हणेल. जमाखर्च मांडून पाहा. पांढऱ्याने पंधरा खेळ्या केल्या, काळ्याने चौदा. म्हणजे आरशात पांढऱ्याची एक खेळी जास्त दिसावयास हवी होती. प्रत्यक्षात काळ्याचीच एक जास्त दिसते. पांढऱ्याच्या दोन खेळ्या कोठे तरी सांडल्या. शोधल्यास त्या सापडतात. रोत्लेवीचा राजाकडील उंट प्रथम एका घरी बसला, तेथून त्याने प्यादे मारले, आणि मग तो हाकलला जाऊन पुन्हा पहिल्याच घरी आला: तीन खेळ्या. काळ्याचा उंट दोन खेळ्यांत तेवढ्याच चांगल्या जागी पोहोचला. पांढऱ्याचा वजीर आधी एका घरी गेला आणि मग तेथून शेजारच्या घरी सरकला. काळ्याचा वजीर पहिल्या खेपेसच योग्य घरी गेला. उंटात एक गेली, वजिरात एक गेली. ह्यांपैकी एकही खेळी मूर्खपणाची नाही. त्या काळचा कोणताही चांगला खेळाडू त्या करू शकला असता, आणि बहुधा कोणाच्या लक्षातही आले नसते की पहिल्या खेळीचा मान पांढऱ्याकडून निसटून बचाव करणाऱ्याकडे गेला आहे.

रुबिन्स्टाइनच्या मात्र लक्षात होते. प्यादे मारावयास त्याने घाई केली नव्हती. पांढऱ्याचा उंट एकदा जागचा हालू देऊन मगच त्याने ते मारले. ह्यालाच मी डावाचे मर्म म्हणतो. चौदा खेळ्यांपर्यंत काळ्याने हल्ल्याची भाषाही काढली नाही. फक्त प्रत्येक मोहरा एकाच खेळीत जागेवर नेला, आणि तेवढ्याने तो पुढे गेला.

पुढील सारे त्या एका हत्तीच्या जागेतून निघते. काळ्याने घोडा मध्ये घातला, घोड्याघोड्यांची मारामारी झाली आणि काळ्याचा उंट पटाच्या मध्यावर येऊन पांढऱ्या राजाच्या घराकडे पाहू लागला. धमकी खरी होती: उंटाने राजासमोरील प्यादे मारून शह द्यावा, राजाने उंट मारावा, मग वजिराने दुसरा शह देऊन मधल्या पट्टीवरचा पांढरा उंट गट्ट करावा. हे शक्य झाले ते त्या पट्टीवर हत्ती आधीच आधाराला होता म्हणून. रोत्लेवीने राजाच्या बाजूचे प्यादे दोन घरे पुढे टाकून ते तोंड बंद केले. पण त्यामुळे राजाकडे येणारा दुसरा, तिरपा रस्ता उघडा पडला. काळ्याचा उंट मुकाट्याने मागे फिरला. तरुण खेळाडूला शत्रू मागे हटला असेच वाटले असावे. त्याने मधले प्यादे एक-एक घर दामटले व घोड्याला हुसकावले. त्या क्षणी मागे गेलेला उंट नव्या रस्त्यावर येऊन शह देता झाला. राजा कोपऱ्यात गेला; आणि हुसकावलेला घोडा मागे न जाता पुढेच, राजाच्या तोंडाशी, जाऊन बसला.

एकविसाव्या खेळीला काळ्याचा वजीर त्याच बाजूला उतरला. आता घोड्याच्या आधाराने पुढच्याच खेळीत मात होती. रोत्लेवीने प्यादे एक घर पुढे करून वजिरावरच रोखले. वजिराने पळावे हे उघड होते. रुबिन्स्टाइनने वजीर तेथेच ठेवला आणि दुसऱ्या टोकाला हत्तीने पांढऱ्याचा घोडा मारला. ह्या हत्तीला पांढऱ्याच्या उंटाने मारले तर मधल्या उंटाचा आधार तुटतो आणि दोन खेळ्यांत मात होते. म्हणून रोत्लेवीने वजीर घेतला. तेव्हा काळ्याचा दुसरा हत्ती मधल्या पट्टीवरून थेट पांढऱ्याच्या वजिराशेजारी येऊन उभा राहिला.

येथे क्षणभर थांबून पट पाहावा. काळ्याचा वजीर पडलेला आहे. त्याचे दोन्ही हत्ती, एक उंट आणि घोडा अशी चार मोहरी मारीत उभी आहेत. पांढऱ्याने ज्याला मारावयाचे त्याला मारावे. आणि कोणालाही मारले तरी डाव जातो. रोत्लेवीने वजिराने हत्ती मारला. काळ्याच्या उंटाने मधला उंट मारून कोपऱ्यातील राजाला शह दिला, वजिराला मागे येऊन आड व्हावे लागले, आणि तेथे तो असा जखडला की हालला तर राजा उघडा पडतो. मग उरलेला काळा हत्ती तिसऱ्या ओळीवरून सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकाजवळ राजाच्या पट्टीत गेला. मात अटळ होती. रोत्लेवीपाशी त्या वेळी वजीर, दोन हत्ती आणि एक उंट होता. रुबिन्स्टाइनपाशी एक हत्ती, दोन उंट आणि एक घोडा. मुलाने हार मान्य केली.

रुबिन्स्टाइनने ही स्पर्धा जिंकली. रोत्लेवीचे काय झाले ते पुष्कळ पुस्तकांत एका ओळीतही सापडत नाही, म्हणून येथे लिहितो. तो खचला नाही. १९०९ साली सेंट पीटर्सबर्ग येथील सर्व-रशियन हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत तो दुसरा आला. पहिला आला तो आलेखिन, जो पुढे जगज्जेता झाला. १९११ साली कार्ल्सबाड येथे सव्वीस मातब्बर खेळाडूंत त्याने चौथा क्रमांक मिळवला. त्याच्यापुढे फक्त टाइखमान, रुबिन्स्टाइन आणि श्लेख्टर होते. वय बावीस. त्यानंतर त्याला मानसिक आजाराने ग्रासले आणि तो पुन्हा स्पर्धेत दिसला नाही. १९२० साली तो वारला. तिशी उलटून फार दिवस झाले नव्हते.

रुबिन्स्टाइन चढत गेला. १९०९ साली सेंट पीटर्सबर्ग येथे त्याने जगज्जेत्या एमानुएल लास्करला समोरासमोरच्या डावात हरवून त्याच्याबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. १९१२ ह्या एका वर्षात त्याने पाच स्पर्धांत पहिला क्रमांक मिळवला, त्यांपैकी एकात वाटून. गंमत अशी की ज्या ताराश बचावाला त्याने आपला सर्वांत सुंदर विजय मिळवून दिला, त्याच बचावावर पांढऱ्याच्या बाजूने सर्वांत जालीम उतारा रूढ केला तोही त्यानेच. राजाकडील उंट कोपऱ्याजवळच्या घरी बसवून दुरून त्या एकाकी प्याद्यावर नेम धरावयाचा, ही ती रीत. १९०८ साली लोद्झमध्येच साल्वेंना आणि १९११ साली सान सेबास्तियान येथे कापाब्लांकाला त्याने अशीच धूळ चारली; कापाब्लांका त्या स्पर्धेत पहिला आला, पण सबंध स्पर्धेत तो हरला तो हा एकच डाव. माझ्या माहितीत असा शिंपी विरळाच, जो अंगरखाही उत्तम शिवतो आणि त्याची शिवण कोठे उसवते हेही स्वतःच दाखवून देतो.

लास्करबरोबरची जगज्जेतेपदाची लढत ठरत आली असतानाच १९१४ चे महायुद्ध पेटले, आणि ती लढत कधीच झाली नाही. युद्धानंतरचा रुबिन्स्टाइन पूर्वीचा राहिला नाही. माणसांची भीती हा त्याचा जुना आजार वाढत गेला. तरीही १९३० साली हॅम्बुर्ग येथील ऑलिंपियाडमध्ये पोलंडच्या संघाच्या पहिल्या पटावर तो सतरा डाव खेळला, तेरा जिंकला, चार बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही, आणि पोलंडला सुवर्णपदक मिळाले. त्याच स्पर्धेत ब्रिटनच्या पहिल्या पटावर पंजाबचा मीर सुलतान खान बसला होता, जो माझ्या आजोबांप्रमाणे देशी नियमांवरच वाढलेला होता. १९३१ साली रुबिन्स्टाइन ह्या आपल्या देशातही, म्हणजे तेव्हाच्या पॅलेस्टाईनमध्ये, येऊन गेला आणि एकाच वेळी अनेकांशी खेळण्याचे कार्यक्रम त्याने केले. पुढल्या वर्षी त्याने स्पर्धा कायमच्या सोडल्या.

बेल्जियममध्ये जर्मन आले तेव्हा तो तेथेच होता, आणि तो वाचला. त्याच्या सुवर्णपदक विजेत्या संघातील डेव्हिड प्शेपुर्का वाचले नाहीत. १९४० साली वॉर्सॉजवळच्या पाल्मिरी जंगलात जर्मनांनी त्यांना गोळ्या घालून ठार केले. लोद्झचे तर काय सांगावे. १९३९ साली त्या शहरात दोन लाखांहून अधिक यहुदी होते. १९४० च्या वसंतात त्यांना घेट्टोत कोंडले, आणि ऑगस्ट १९४४ मध्ये शेवटच्या गाड्या आउश्विट्झला गेल्या. १९४५ च्या जानेवारीत रशियन सैन्य शिरले तेव्हा घेट्टोत नऊशेहूनही कमी माणसे शिल्लक होती. साल्वेंच्या कॉफीगृहातील पटांभोवती जी मंडळी उभी राहून पाहत असत त्यांची मुले, नातवंडे त्या दोन लाखांत होती.

रुबिन्स्टाइनला १९५० साली, महाश्रेष्ठ खेळाडूंची पहिली अधिकृत यादी निघाली तेव्हा, ग्रँडमास्टर ही पदवी मिळाली. १९५४ साली पत्नी गेली आणि मार्च १९६१ मध्ये अँटवर्प येथे तोही गेला.

बचाव मात्र राहिला. १९६९ साली स्पास्कीने जगज्जेतेपदाच्या लढतीत पेत्रोस्यानविरुद्ध तो काढला आणि १९८३-८४ साली तरुण कास्पारोव्हने त्याच्यावर भिस्त ठेवली. आणि २०१३ च्या जानेवारीत हॉलंडमधील वाइक-आन-झी येथे आपल्या भारताचा विश्वनाथन आनंद काळ्या मोहऱ्यांनी आरोनियनविरुद्ध खेळताना, दोन उंट दोन तिरप्या रेषांवर लावून, घोडा राजाच्या तोंडाशी बसवून तेवीस खेळ्यांत जिंकला. सुरुवात वेगळी होती, परंतु चित्र ओळखीचे होते, आणि डाव संपल्यावर आनंदने स्वतःच लोद्झच्या ह्या डावाची आठवण काढली. तो डाव सांगताना त्यानेही दोन्ही नावे घेतली असतील, कारण बुद्धिबळात डावाचे नाव लिहिताना पांढऱ्याचे नाव आधी लिहावयाचे असते, मग तो हरलेला का असेना: रोत्लेवी–रुबिन्स्टाइन.

ज्यांच्या घरी पट आहे त्यांच्यासाठी सबंध डाव खाली देत आहे. उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. मोहऱ्याचे नाव नाही तेथे प्यादे समजावे. १५ व्या खेळीला पांढऱ्याचा किल्लेकोट झाला की थांबून आरसा अवश्य पाहावा.

१. डी४ डी५ २. घोडा एफ३ ई६ ३. ई३ सी५ ४. सी४ घोडा सी६ ५. घोडा सी३ घोडा एफ६ ६. डी मारी सी५, उंट मारी सी५ ७. ए३ ए६ ८. बी४ उंट डी६ ९. उंट बी२ किल्लेकोट १०. वजीर डी२ वजीर ई७ ११. उंट डी३, डी मारी सी४ १२. उंट मारी सी४, बी५ १३. उंट डी३ हत्ती डी८ १४. वजीर ई२ उंट बी७ १५. किल्लेकोट, सी-घोडा ई५ १६. घोडा मारी ई५, उंट मारी ई५ १७. एफ४ उंट सी७ १८. ई४, ए-हत्ती सी८ १९. ई५ उंट बी६ शह २०. राजा एच१ घोडा जी४ २१. उंट ई४ वजीर एच४ २२. जी३, हत्ती मारी सी३ २३. जी मारी एच४, हत्ती डी२ २४. वजीर मारी डी२, उंट मारी ई४ शह २५. वजीर जी२ हत्ती एच३. पांढऱ्याने हार मान्य केली.